बर्फातलं फूल आणि पानाची पाटी

भाद्रपदाची पौर्णिमा झाली की वर्धा जिल्ह्यात घरोघरी भुलाबाई बसते. मातीची रंगवलेली भुलाबाई, शेजारी भुलोजी, सोबत लहानगा गणोबा आणि वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. कुणाकडे ती महिनाभर, म्हणजे थेट कोजागरीपर्यंत राहते. कुणाकडे दहा दिवस, कुणाकडे पाच, तर कुणाकडे नुसती कोजागरीच्या रात्रीपुरती. या दिवसांत शेतात कपाशी फुलावर असते, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, अंगणात गुलबक्षी संध्याकाळी उमलते आणि पहाटे पारिजाताचा सडा पडतो. दिवेलागण झाली की पोरी टिपऱ्या घेऊन निघतात. एकीच्या घरी गाणी म्हणायची, खिरापत ओळखायची, खायची आणि दुसरीच्या घरी जायचं. झाकलेल्या डब्याभोवती प्रश्नांचा भडिमार होतो. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? खिरापत ओळखता आली नाही तर घरवालीचा मान मोठा. कोजागरीला अनेक घरांत तेहतीस खिरापतींचा घाट असतो आणि त्यासाठी आया-आज्या दोन दिवस आधीपासून खपतात.

भुलाबाई म्हणजे पार्वती. शंकर तिच्याशी सारिपाट खेळले, सगळं हरले आणि रुसून रानात निघून गेले. मग पार्वती भिल्लिणीच्या रूपात त्यांच्यासमोर गेली आणि ते भुलले, अशी कथा सांगतात. डाव जिंकणारी ती, रुसणारा तो आणि मनवायला निघणारीही तीच. मुलींच्या सणाच्या मुळाशीच ही गोष्ट आहे.

पण दिवेलागणीनंतरचे हे दोन-तीन तास आता मालिकांचेही आहेत. गाणी म्हणणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया त्याच वेळी पडद्यावर दुसऱ्या मुलींच्या गोष्टी बघतात. त्या गोष्टींतही फुलं असतात: नावांत, शीर्षकगीतांत, केसांत, लग्नाच्या मंडपात. मुलगी आणि फूल ही जोडी आपल्या डोळ्यांत इतकी मुरली आहे की तिच्याकडे आपण थांबून पाहतच नाही. मला ती थांबून पाहायची आहे, आणि पाहताना एकच प्रश्न विचारायचा आहे. मुलगी आणि फूल जिथे एकत्र येतात, तिथे फूल कोणाच्या हाती असतं?

इस्तंबूलच्या मुली

२०१५ साली 'जिंदगी' या वाहिनीवर 'फेरिहा' ही तुर्की मालिका हिंदी आवाजात सुरू झाली. इस्तंबूलमधल्या एका श्रीमंत इमारतीच्या पहारेकऱ्याची मुलगी विद्यापीठात जाते आणि आपली गरिबी लपवते, ही तिची कथा. पाठोपाठ 'फातमागुल' आली. एजियन समुद्रकाठच्या गावात राहणारी एक साधी मुलगी. एका रात्री काही श्रीमंत तरुण तिच्यावर अत्याचार करतात, गाव तिच्याचकडे बोट दाखवतं आणि त्या टोळक्यातल्याच एकाशी तिचं लग्न लावून प्रकरण मिटवलं जातं. या मुलीच्या नावातच गुलाब आहे, आणि मालिकेचं मूळ तुर्की नाव विचारतं की फातमागुलचा गुन्हा काय?

या प्रश्नाला कायद्याचा इतिहास आहे. वेदात तुर्काली यांच्या कथेवर १९८६ साली याच नावाचा चित्रपट आला, तेव्हा तुर्की दंडविधानात एक कलम होतं: अत्याचार करणाऱ्यानं त्या मुलीशी लग्न केलं तर त्याची शिक्षा टळत असे. ते कलम २००५ साली नवा कायदा लागू झाल्यावर गेलं. २०१० मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या लेखिकांना कथेचा शेवट वेगळा करता आला. फातमागुल कोर्टात उभी राहते, साक्ष देते आणि गुन्हेगारांना शिक्षा होते. आपल्याकडेही गावकीत बसून 'लग्न लावून देऊ, पोरीचं नाव झाकलं जाईल' असे निवाडे होतात. त्यामुळे ही मालिका नागपूर-वर्ध्याच्या घरात परकी वाटायचं काही कारण नव्हतं.

तुर्की मालिकांना फुलांचा सोस आहे. २०१५ ते २०१८ या काळात चाललेल्या 'किर्गिन चिचेक्लेर' या मालिकेच्या नावाचाच अर्थ दुखावलेली फुलं. तिच्यात अनाथाश्रमात वाढणाऱ्या पाच मुली आहेत. त्यांतली एलुल ही आईविना नाही. सावत्र बापाच्या वागणुकीबद्दल तिनं आईला सांगितलं, आईनं विश्वास ठेवला नाही आणि तिला आश्रमात आणून सोडलं. २०१९ची 'हेरजाई' ही मार्दिन प्रांतातली सूडकथा, तिचंही नाव एका फुलाशी जोडलेलं. फुलांचा हा सोस तिथे जुना आहे. १७१८ साली इस्तंबूलमधल्या ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी मॉन्टेग्यू हिनं मायदेशी लिहिलेल्या एका पत्रात तिथल्या बायकांच्या अबोल पत्रव्यवहाराचं वर्णन केलं. एका पुडीत लवंग, फूल, मोती, कागद अशा वस्तू बांधायच्या, आणि प्रत्येक वस्तूमागे एक ठरलेला मजकूर. बोटाला शाई न लावता भांडता येतं, रुसता येतं, प्रेम सांगता येतं, असं ती कौतुकानं लिहिते. त्याच सुमारास, १७१८ ते १७३०, ऑटोमन दरबारात ट्यूलिपचं वेड शिगेला पोहोचलं होतं. पुढे पॅरिसमध्ये १८१९ साली फुलांच्या भाषेचा कोशच निघाला आणि युरोपभर त्या भाषेची लाट आली.

ही सगळी परंपरा सुंदर आहे. पण तिच्या मुळाशी एक बंदी आहे. तोंडानं बोलायची, कागदावर लिहायची मोकळीक नसलेल्या बायकांनी फुलांना बोलायला लावलं. त्या पुडीत फूल पाठवणारा हात बाईचा होता. शतकांनंतर पडद्यावर आलेल्या मुलींच्या बाबतीत मात्र फूल ही तिची वस्तू उरली नाही, ती स्वतःच फूल झाली. उमलणारी, दुखावलेली, कुस्करलेली. फुलाला जपतात किंवा तोडतात. त्याला काही विचारत नाहीत.

बर्फातलं फूल

याच तुर्कस्तानात एका फुलाची वेगळी गोष्टही घडली, आणि तिचा धागा थेट वर्ध्यापर्यंत येतो.

डॉ. तुर्कान सायलान (१९३५ ते २००९) या इस्तंबूलच्या त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग कुष्ठरुग्णांच्या सेवेत घालवला. १९८६ साली त्यांना आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार देणाऱ्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचं मुख्यालय वर्ध्यात आहे. ज्या गावाजवळ मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं, ज्या सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या, त्या परिसरानं एका तुर्की डॉक्टर बाईचं काम ओळखलं.

कुष्ठरोगाच्या कामासाठी पूर्व तुर्कस्तानातल्या खेड्यांत फिरताना सायलान यांना रुग्णांबरोबर शाळेपासून तुटलेल्या मुलीही दिसत होत्या. १९८९ साली स्थापन झालेल्या ज्या संस्थेचं नेतृत्व त्यांनी केलं, तिनं एका दूरध्वनी कंपनीच्या साहाय्यानं २००० साली खेड्यातल्या गरीब मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. नाव दिलं 'कार्देलेन'. हे एक लहानसं पांढरं फूल, हिवाळा सरत असताना जमिनीवरचा बर्फ भेदून वर येणारं. हजारो मुली त्या शिष्यवृत्तीवर शिकल्या. सायलान गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१० साली, त्यांच्या आयुष्यावर 'तुर्कान' ही मालिका तिथल्या दूरचित्रवाणीवर आली.

एकाच देशातली ही दोन फुलं शेजारी ठेवून पाहावीत. 'दुखावलेली फुलं' म्हणताना आपली नजर मुलीला झालेल्या जखमेवर जाते. 'कार्देलेन' म्हणताना ती मुलीच्या जोरावर जाते. फूल तेवढंच नाजूक आहे, पण त्याच्याकडे काम आहे: वरचा थर फोडायचा. शिवाय हे नाव कोण्या प्रियकरानं दिलेलं नाही. शाळेची फी, पुस्तकं, वसतिगृह यांच्यासोबत ते आलं. मुलीला फूल म्हणायचंच असेल, तर त्या नावाबरोबर तिच्या हाती काय देतो आहोत यावर त्या नावाची किंमत ठरते.

सायली आणि फुलराणी

आता आपल्या पडद्याकडे. डिसेंबर २०२२ पासून 'स्टार प्रवाह'वर सुरू असलेल्या 'ठरलं तर मग' या मालिकेची नायिका सायली. ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचं नाव जुई गडकरी. म्हणजे पात्र एक फूल आणि अभिनेत्री दुसरं. ही मालिका ज्या तमिळ मालिकेवरून आली तिचं नाव 'रोजा', म्हणजे तिसरं फूल. सायली वात्सल्य आश्रमात वाढलेली अनाथ मुलगी आहे आणि तमिळ रोजाही अनाथच. इस्तंबूलच्या मालिकेतल्या पाच मुलीही अनाथाश्रमातल्या.

मालिका लिहिणाऱ्यांना अनाथ मुलीला फुलाचं नाव द्यावंसं का वाटतं? माझ्या मते कारण सरळ आहे. आडनाव, घराणं, जात, बापाची इस्टेट यांतलं काहीच जिच्यामागे नाही, तिची ओळख सुगंधावर, म्हणजे तिच्या स्वभावावर उभी करावी लागते. सायलीला घर नाही, म्हणून तिचा चांगुलपणा हेच तिचं घर. प्रेक्षक बाईला हे भिडतं, कारण लग्न करून सासरी गेलेली प्रत्येक मुलगी काही वर्षं तरी त्या घरात अशीच उपरी असते. वागणुकीचा सुगंध दरवळला तरच तिला जागा मिळते. या मालिकांची लोकप्रियता हसण्यावारी नेणाऱ्यांना बायकांचं हे दुखणं कळलेलं नसतं.

पण सुगंधाची ही अट मुलीला फार महाग पडते. मराठी कवितेतही ती जुनी आहे. बालकवींच्या 'फुलराणी'तली कळी हिरव्या माळावर खेळते, वारा तिची थट्टा करतो आणि पहाट होते ती तिच्या लग्नाची. विसाव्या शतकाच्या आरंभी आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं होत असलेल्या समाजात ही कविता जन्मली. तिचं सौंदर्य निर्विवाद आहे, आणि उमलणं म्हणजे लग्न हे समीकरणही तिच्यात तितकंच घट्ट बसलेलं आहे. मग १९७५ साली पु. ल. देशपांडे यांचं 'ती फुलराणी' रंगभूमीवर आलं आणि फुलराणी हे नाव एका फुलं विकणाऱ्या मुलीकडे गेलं. भक्ती बर्वे यांनी उभी केलेली मंजुळा फुलं विकून पोट भरते, भांडते आणि शेवटी आपल्या बोलण्यावर मालकी सांगणाऱ्या प्राध्यापकालाच सुनावते. फूल असलेली राणी आणि फुलं विकणारी राणी यांच्यातलं अंतर साठ-सत्तर वर्षांचं आहे. मराठी मुलीनं ते कष्टानं कापलं.

बातम्यांची भाषा मात्र अजून पहिल्या टोकाला अडकली आहे. मुलीवर अत्याचार झाला की 'उमलती कळी कुस्करली' हा मथळा ठरलेला. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कामावर निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आलं. आठवडाभरानं, १० फेब्रुवारीला, तिनं नागपुरात प्राण सोडला. हिंगणघाट, वर्धा बंद झाले, मोर्चे निघाले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, न्यायालयानं आरोपीला जन्मठेप सुनावली. ती मुलगी शिकलेली होती, शिकवत होती, पगार मिळवत होती, रोज बसनं येत-जात होती. तिला कळी म्हटलं की हे सगळं पुसलं जातं आणि उरते फक्त हळहळ. कळीसाठी माणसं हळहळतात. हक्क मात्र नागरिकाचेच मागता येतात. म्हणून ही भाषा बदलायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

पिंपरी मेघेची चिंधी

वर्धा शहराला लागून असलेल्या पिंपरी मेघे इथे १४ नोव्हेंबर १९४८ रोजी एक मुलगी जन्मली. तिला फुलाचं नाव मिळालं नाही. घरात नकोशी म्हणून तिला चिंधी म्हणत. फाटक्या कापडाचा तुकडा, एवढंच नाव. वडील अभिमान साठे गुराखी. मुलीनं शिकावं ही त्यांची इच्छा, तर आईला ते पसंत नव्हतं. म्हणून चिंधी म्हशी चारायला निघायची आणि त्या निमित्तानं शाळा गाठायची. पाटी घेण्याइतके पैसे नव्हते, तेव्हा झाडाच्या पानाची पाटी झाली. चौथीनंतर शाळा सुटली आणि लग्न झालं सेलू तालुक्यातल्या नवरगावच्या, तिच्याहून वयानं कितीतरी मोठ्या माणसाशी. त्या काळी कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १५ होतं. चिंधीचं लग्न त्याच्या बरंच आधी उरकण्यात आलं.

पुढची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावात शेण गोळा करणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी ती बोलली, आणि ते दांडग्यांना झोंबलं. पोटुशी असताना चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिला घराबाहेर काढलं. गोठ्यात ती बाळंत झाली. माहेरानंही दार उघडलं नाही. रेल्वे स्थानकांवर गाणी म्हणत, भीक मागत तिनं स्वतःला आणि लेकीला जगवलं आणि तिथेच भेटलेल्या बेवारस पोरांची आई झाली. सिंधुताई सपकाळ या नावानं एक हजाराहून अधिक अनाथ मुलांना तिनं वाढवलं. २०२१ साली पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात तिचं निधन झालं.

त्यानंतर दीड वर्षानं, ऑगस्ट २०२३ मध्ये, 'कलर्स मराठी'वर 'सिंधुताई माझी माई' ही मालिका सुरू झाली. त्याआधी २०१० साली अनंत महादेवन यांचा 'मी सिंधुताई सपकाळ' हा चित्रपट आला होता, पण चित्रपटाला दोन-अडीच तासांत सगळं आयुष्य सांगायचं असतं. मालिकेनं बालपणाला वेळ दिला. किरण माने यांनी साकारलेला बाप आणि शाळेसाठी आसुसलेली चिंधी रोज संध्याकाळी घराघरांत आले. वर्धा जिल्ह्यातल्या गुराख्याच्या मुलीचं बालपण मराठी मालिकेचा विषय व्हावं, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. आपल्या मालिका पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत किंवा कोल्हापूरच्या वाड्यांत घडतात. वर्धेची, विदर्भाची बोली त्यांत आली तर बहुधा विनोदापुरती.

या गोष्टीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पान. मुलीच्या कथेत झाडाचं फूल येणं सोपं आहे, कारण फूल दिसतं आणि दाखवता येतं. चिंधीनं झाडाकडून अक्षर गिरवण्यापुरती जागा मागितली. तुर्कान सायलान यांच्या शिष्यवृत्तीतली मुलगी बर्फ फोडून वर येते. चिंधीला कोणी शिष्यवृत्ती दिली नाही, तरी शाळेची वाट तिनं स्वतः काढली. एकीची मालिका तुर्कीत, दुसरीची मराठीत आली. दोघी मात्र शाळेपासून तोडलेल्या मुलींच्या बाजूनं उभ्या राहिल्या.

कारल्याचं फूल

आता पुन्हा भुलाबाईकडे येऊ. सासर-माहेरची ही गाणी लहान मुली का म्हणतात, असा प्रश्न शहरातल्या अनेकांना पडतो. त्याचं उत्तर गाण्यांतच आहे. ज्या काळात आठव्या-नवव्या वर्षी मुलगी सासरी जाई, त्या काळात ही गाणी मुलींनीच मुलींसाठी रचली. सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत, तारा भवाळकर यांनी लोकगीतांचं मोल आपल्याला दाखवलं ते यासाठीच: बाईचा इतिहास दस्तऐवजांत सापडत नाही, तो तिच्या गाण्यांत सापडतो.

कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. बी पेरून होतं, तर कोंब येऊ दे. मग वेल वाढू दे, मग फूल लागू दे, मग कारलं येऊ दे, मग त्याची भाजी कर. प्रत्येक पायरीवर सून पुन्हा विचारते आणि प्रत्येक वेळी दिवस पुढे ढकलला जातो. कारल्याचं बी टाकल्यापासून पहिलं फळ हाती यायला साधारण दोन महिने लागतात. तेही नर फुलं आधी येतात, फळ धरणारी मादी फुलं मागून. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला हा हिशेब पाठ असतो. म्हणून हे गाणं म्हणताना तिला नेमकं ठाऊक असतं की सासूनं सुनेकडून किती दिवस हिसकावले.

या गाण्यातल्या पिवळ्या फुलात सौंदर्य शोधायला कोणी जात नाही. ते तारीख दाखवतं. मालिकांच्या फुलांहून ते सर्वस्वी निराळं आहे, कारण ते पाहणारी, मोजणारी, पाणी घालणारी मुलगीच आहे. पुढे रुसलेल्या राणीचं गाणं येतं. माहेरी जाऊन बसलेल्या सुनेला एकेक जण न्यायला येतो, काही ना काही देऊ करतो, आणि ती नकार देते. शेवटी नवरा येतो. कुठल्या गावात तो मंगळसूत्र आणतो, कुठल्या गावात लाल चाबूक. गाणाऱ्या मुली ते खिदळत म्हणतात, पण चाबूक त्यांच्या पाठात शिल्लक आहे. घरातली मारहाण आपल्या आज्यांनी अशी गाण्यात नोंदवून ठेवली. आजच्या मुलीला हे गाणं शिकवताना मोठ्या बायकांनी त्या चाबकाबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत.

विदर्भाच्या लेकीची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या काठावर, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. तिथून दरवर्षी आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. पारिजाताची कथा तिच्याभोवतीची. स्वर्गातून आणलेलं झाड सत्यभामेच्या अंगणात लावलं, तरी फुलं पडायची रुक्मिणीच्या अंगणात. ही कथा ऐकताना आपण दोन बायकांच्या मत्सरात रमतो. पण त्याआधीची रुक्मिणी फार मोठी आहे. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न तिला नको होतं. तिनं कृष्णाला स्वतः निरोप धाडला आणि त्यानं कुठे, कधी यावं तेही कळवलं. अंबिकेच्या देवळात पूजेला ती फुलं घेऊन गेली ती स्वतःचा निर्णय ठरवूनच. आपल्या भागातल्या प्रत्येक भुलाबाईच्या मांडवात मुलींना रुक्मिणीच्या निरोपाची गोष्ट सांगितली जावी.

कपाशीचं फूल

वर्धा जिल्ह्याचं खरं फूल कोणतं, असं विचारलं तर मी कपाशीचं म्हणेन. सकाळी ते फिकट पिवळसर-पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि गळतं. मागे राहतं बोंड, जे दीड-दोन महिन्यांनी फुटतं. त्याला वास नाही. ते कोणी केसांत माळत नाही. पण जिल्ह्यातल्या कितीतरी मुलींच्या शाळेची फी त्याच्यावर अवलंबून असते, आणि वेचणीच्या दिवसांत कितीतरी मुलींची शाळा त्याच्यापायीच बुडते.

कपाशीचं हे मोल गांधीजींना या मातीत आल्यावर नेमकं कळलं होतं. १९३६ साली ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. पाहुण्याच्या गळ्यात फुलांच्या हाराऐवजी हातानं कातलेल्या सुताची माळ घालायची रीत गांधीजींच्या कार्यकर्त्यांत रुजली. झाडावरून तोडलेल्या फुलापेक्षा कोणाच्या तरी हातचं काम गळ्यात पडावं, हा विचार मला मुलींच्या दृष्टीनं मोठा वाटतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम जन्मली. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्यानं सेवाग्रामात ती रुजवली. मुलगा असो की मुलगी, कापसाच्या बोंडापासून सुतापर्यंतच्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकायची. त्या वाटेवर आजही सेवाग्रामात आनंद निकेतन ही शाळा चालते. पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. सासर आणि माहेर या दोन घरांपलीकडे स्वतःच्या श्रमावर आणि चिंतनावर जगणाऱ्या बायकांचं तिसरं घर तिथे उभं राहिलं. भुलाबाईच्या गाण्यांना या तिसऱ्या घराचा पत्ता माहीत नाही. तो गाण्यांत यायला हवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ज्या वयात आपण मुलीला उमलती कळी म्हणतो, त्याच वयात तिची पाळी सुरू होते आणि महिन्यातले चार दिवस तिला देवाच्या फुलांना हात लावू दिला जात नाही. भुलाबाईसमोर बसून गाणाऱ्या मुलीला एके दिवशी सांगितलं जातं, तू लांबून बघ. एकीकडे फुलाची उपमा आणि दुसरीकडे फुलाला शिवायची मनाई! सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक आरोग्य विभागानं आसपासच्या गावांत किशोरी पंचायती उभ्या केल्या, जिथे मुली एकत्र बसून आरोग्यावर, रक्तक्षयावर, पाळीवर बोलू लागल्या. भुलाबाईच्या गटासारखाच तो मुलींचा गट. माझ्या मते हे दोन्ही गट एकमेकांना भेटायला हवेत. ज्या घरात भुलाबाई बसते, तिथल्या आजीनं पाळी आलेल्या नातीच्या हातून भुलाबाईला फुलं वाहायला लावली, तर एका संध्याकाळी जे घडेल ते शंभर व्याख्यानांनी घडणार नाही.

जळगावात भुलाबाई महोत्सव भरतो, तिथे मुलींचे संघ शाळेवर, मुलीच्या जन्मावर नवी गाणी बसवतात. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांनीही हे करावं. जुनी गाणी टाकू नयेत, ती आपला दस्तऐवज आहेत. त्यांच्या शेजारी चिंधीच्या पाटीचं, रुक्मिणीच्या निरोपाचं, किशोरी पंचायतीचं, बसनं कामाला जाणाऱ्या बाईचं गाणं यावं. ते मुलींनीच रचावं. मालिका लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की सायलीला सायलीच राहू द्या, नाव गोड आहे. पण तिला सुगंधाच्या परीक्षेतून सोडवा. तिच्या चुका होऊ द्या, तिला राग येऊ द्या, तिचं शिक्षण आणि तिची कमाई कथेच्या मध्यभागी आणा.

फुलांवर माझा राग नाही. गुलबक्षी, पारिजात, तेरडा, झेंडू यांच्याशिवाय मला आश्विन महिना सुचत नाही. मुलींनी फुलं माळावीत, वाहावीत, हवी तर विकावीत, त्यांच्या शेतीतून पैसा मिळवावा, वनस्पतीशास्त्र शिकून त्यांच्यावर संशोधन करावं. फूल तिच्या हाती असलं की ती त्याचं काय करायचं ते ठरवते. तिलाच फूल केलं की ते दुसरं कोणीतरी ठरवतं. इस्तंबूलच्या मालिकेपासून पिंपरी मेघेच्या चिंधीपर्यंत सगळ्या गोष्टी मला हाच फरक सांगतात, आणि येत्या भुलाबाईत आपल्या घरच्या मुलींशी आपण तो मोकळेपणानं बोलावा, एवढंच माझं मागणं आहे.